स्लॅबखालची झोप : सास्तूरहून धाराशिवला

बारावीचा निकाल आणि महाविद्यालयातला पहिला तास यांच्यामध्ये काही आठवडे जातात. शाळेच्या दृष्टीने विद्यार्थी तेव्हा बाहेर पडलेला असतो आणि महाविद्यालयाच्या दृष्टीने अजून आत आलेला नसतो. तो हरवतो नेमका याच काळात. गुण चांगले असतात, जागा मिळालेली असते, आणि तरीही पहिल्या दिवशी त्याचा बाक रिकामा राहतो. का, हे विचारायला कोणी जात नाही, कारण त्या आठवड्यांत तो कोणाचाच विद्यार्थी नसतो.

निवृत्त झाल्यावर पाटण आणि कराडच्या आम्ही काही शिक्षकांनी हे आठवडे वाटून घेतले. ज्या घरातून आजवर कोणी पदवीला गेले नाही, अशा घरातला एकेक विद्यार्थी एकेका शिक्षकाकडे असतो. त्याला पहिल्या तासापर्यंत नेऊन बसवायचे, एवढेच काम. बहुतेक वेळा ते फोनवर होते. सास्तूरच्या शाळेत शिकवणारा माझा एक जुना विद्यार्थी आम्हाला तिकडची नावे कळवतो. यंदा त्याने अंकिताचे नाव दिले. मुलगी गणितात हुशार होती. धाराशिवच्या महाविद्यालयात तिला विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला होता आणि मुलींच्या वसतिगृहात जागाही मिळाली होती. निकालानंतर ती मला रोज फोन करी. मग एके दिवशी तिने फोन उचलणे बंद केले. शनिवारी दुपारपर्यंत ती वसतिगृहात हजर झाली नाही, तर जागा पुढच्या मुलीला जाणार होती. रोज ये-जा करणे सास्तूरहून शक्य नव्हते. म्हणजे वसतिगृह गेले की महाविद्यालयही गेले.

म्हणून त्या बुधवारी मी उमरग्याला उतरले.

उमरगा

उमरगा हे सोलापूर–हैदराबाद महामार्गावरचे तालुक्याचे गाव. कर्नाटकाची सीमा इथून हाकेच्या अंतरावर आहे, त्यामुळे ट्रकच्या रांगेतून चालताना एका कानावर कानडी पडते आणि दुसऱ्या कानावर उर्दूमिश्रित मराठी. दवाखान्यांच्या पाट्या इतक्या दाट की सारा तालुका आजारी असावा अशी शंका यावी. अंकिताचा थोरला भाऊ सोमनाथ तिथे एका गॅरेजमध्ये काम करतो. तो मला घ्यायला स्टँडवर आला होता.

त्याने आधी मला सुशीला खायला घातली. भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, हिरवी मिरची, दाण्याचे कूट घालून फोडणी देतात, त्या नाश्त्याला इकडे सुशीला म्हणतात. आमच्या पाटणकडचे कोरडे चुरमुरे खाणाऱ्याला हा मऊ प्रकार पहिल्या घासाला परका वाटतो आणि तिसऱ्या घासाला आपला होतो. मी खात असताना सोमनाथ म्हणाला, "अंकी न्हाय यायची, मॅडम. तुम्ही उगं एवढं ऊन खाल्लंत."

मी कारण विचारले. त्याने उलट मलाच विचारले, "माझं काय कारण लिहिलंय तुमच्यात?"

सोमनाथ हाही काही वर्षांपूर्वी आमच्याच गटाकडे होता. आमच्या एका सहकाऱ्याने त्याला लातूरच्या महाविद्यालयात पोहोचवले होते. आठवडा उलटायच्या आत तो परत आला. इंग्रजी कच्चे असल्यामुळे निभाव लागला नाही, असे आम्ही ठरवले होते. मी तसे सांगितले. तो हसला. "बरं झालं. पुढच्याला आणखी इंग्रजी शिकवा."

मग त्याने मला गॅरेज दाखवले. मागच्या बाजूला पक्की खोली होती. तिथे टायर आणि ऑइलचे डबे होते. खोलीबाहेर एक नादुरुस्त ट्रक उभा होता आणि त्याच्या हौद्यात ताडपत्रीखाली अंथरूण गुंडाळून ठेवलेले होते. तो तिथेच झोपतो असे म्हणाला. वारे छान येते, हे कारण त्याने दिले आणि मी ते मान्य केले.

सास्तूर

सास्तूरला पोहोचल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती मोकळेपणाची. आमच्याकडे घरे एकमेकींना खेटून, भिंतीला भिंत लावून उभी असतात. इथे रस्ते रुंद आहेत आणि घराघरांत अंतर आहे. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर गाव नव्याने वसवले गेले तेव्हा असे अंतर मुद्दाम राखले होते. रस्त्यावर बैलगाड्या आणि मोटारसायकली सारख्याच निवांत चालतात. पेरण्या झाल्या होत्या, आणि काळ्या रानात सोयाबीनचे कोंब नुकते वर आले होते.

अंकिताच्या घरी एक पक्की खोली आहे आणि तिच्यापुढे अंगणात पत्र्याचे शेड आहे. खोलीत धान्याची पोती, कपाट आणि देव. शेडमध्ये खाटा, चूल, पुस्तके आणि माणसे. मी पाहुणी म्हणून माझे पान मात्र खोलीत वाढले. अंकिताची आई सुमनताई हिने ज्वारीची भाकरी आणि येसरची आमटी केली होती. येसर म्हणजे भाजलेल्या धान्यांचे आणि मसाल्याचे पीठ. त्याची आमटी इतकी तिखट असते की बोलणे आपोआप कमी होते. माझ्या सोबतीला अंकिताचे वडील व्यंकटराव बसले होते. चाळिशी ओलांडलेले, सावकाश बोलणारे शेतकरी. अंकिता दाराशी उभी होती. तिने मला नमस्कार केला होता, पण नजर दिली नव्हती.

मी दुसरी भाकरी मोडत असताना जमिनीतून आवाज आला. लांब कुठेतरी रिकामी बैलगाडी दगडी पुलावरून हाकत न्यावी तसा, पण पायांच्या तळव्यांना कळणारा. ताटातली आमटी हललीसुद्धा नाही.

मी कोयनेच्या खोऱ्यातली आहे. आमच्याकडे असे हादरे येतात. पंखा हलतो, कोणीतरी "झाला वाटतं" म्हणते आणि वाढणारी पुन्हा वाढू लागते. शिवाय मी आयुष्यभर भूगोल शिकवला. म्हणून मी शिक्षकी सवयीने, धीर द्यावा या हेतूने म्हणाले, "बसा, बसा. काही नाही. आमच्याकडे हे नेहमीचंच."

हे मी रिकाम्या खोलीला सांगत होते. व्यंकटराव हातातल्या घासासह अंगणात उभे होते. सुमनताई चूल सोडून निघाली होती. आजूबाजूच्या प्रत्येक घरासमोर माणसे येऊन थांबली होती, आणि कोणी ओरडत नव्हते, कोणी कोणाला हाक मारत नव्हते. मला त्या शिस्तीचीच भीती वाटली. गोंधळ असता तर मी इतकी घाबरले नसते.

"मॅडम, भायेर या," सुमनताई हलक्या आवाजात म्हणाली. "आधी भायेर या, मग जेवा."

मी ताट घेऊन बाहेर गेले. अंकिता अंगणातही नव्हती. ती पार रस्त्याच्या मधोमध उभी होती, अनवाणी, आणि घराकडे पाठ न करता उलट्या पावलांनी अजून मागे सरकत होती.

अर्ध्या तासाने सगळे आपापल्या कामाला लागले. माझे उरलेले जेवण शेडमध्ये झाले.

संध्याकाळी मी या घरातली एक रीत पाहिली. दिवे लागल्यावर सुमनताईने शेडच्या कोपऱ्यात पितळी परात पालथी घातली आणि तिच्यावर स्टीलचे पेले उपडे, एकावर एक, असे रचले. सर्वांत वरचा पेला थोडा कलता ठेवला. जमीन जरा जरी हलली तरी उतरंड परातीवर कोसळते आणि झोपलेला माणूस जागा होतो. भूकंपानंतर आजीने हे सुरू केले; आजी गेली, उतरंड राहिली. या घराच्या पक्क्या खोलीच्या दाराला आतून कडीच नाही, हेही मला तेव्हाच दिसले. कडीच्या जागी दोन भोके होती आणि ती सिमेंटने बुजवलेली होती.

सास्तूर, गुरुवार

मला वाटले होते की अडवणारे वडील असतील. अशा घरांत सहसा तसेच असते, आणि त्यांच्याशी काय बोलायचे याची उजळणी मी प्रवासात केली होती. सकाळी मी विषय काढताच व्यंकटराव म्हणाले, "म्या कवाच व्हय म्हणलंय, मॅडम. माझी आडकाठी न्हाय. तिलाच इचारा."

अंकिता ज्वारी निवडत होती. बराच वेळ तिने सूप खाली ठेवले नाही. मग तिने सांगितले ते असे. कागदपत्रे तपासायला ती धाराशिवला गेली होती तेव्हा एक रात्र वसतिगृहात राहिली. इमारत तीन मजली. तिला वरच्या मजल्यावर खाट मिळाली. सोबतच्या मुलींनी दाराला आतून कडी लावली आणि त्या झोपल्या. थोड्या वेळाने अंकिता उठली, कडी काढली आणि जिना उतरून खाली आली. खाली चॅनल गेटला कुलूप होते. ती त्या गेटचे गज धरून सकाळपर्यंत बसून राहिली. गावी परतल्यावर तिने हे कोणाला सांगितले नाही आणि माझे फोन उचलणे बंद केले.

"मला अभ्यासाची भीती न्हाय, मॅडम," ती म्हणाली. "गणित तर मला आवडतंय. फकस्त वर बघितलं की छत खाली आल्यावाणी वाटतं. मग श्वास पुरत न्हाय."

अंकिताचा जन्म भूकंपानंतर कितीतरी वर्षांनी झाला. तिने पडलेले घर पाहिलेले नाही. पण जन्मल्यापासून ती एकदाही पक्क्या छताखाली झोपलेली नव्हती. पत्र्याखाली झोपली, अंगणात झोपली, रानातल्या मचाणावर झोपली. आणि रोज संध्याकाळी तिने पेले रचताना पाहिले. मला उमरग्यातला ट्रक आठवला. आमच्या गटाने सोमनाथला वाचायला लावले, बोलायला लावले, शुल्काची सोय केली. तू झोपतोस कुठे, हे आमच्यापैकी कोणालाही विचारावेसे वाटले नव्हते.

मी माझ्या परीने प्रयत्न केला. अंगणातल्या मातीत काडीने आकृती काढून तिला समजावले की जुनी घरे दगडमातीची होती, भिंतींना एकमेकींचा आधार नव्हता आणि वर मातीचा थर होता. आताच्या इमारतीत खांब आणि तुळया लोखंडाने बांधलेल्या असतात, त्या एकत्र डोलतात. अंकिताने लक्ष देऊन ऐकले. एका जागी माझी आकृती चुकली होती, ती तिने दुरुस्तही केली. मग विचारले, "आणि कुलूप, मॅडम?"

त्याचे उत्तर माझ्या धड्यात नव्हते. ते व्यंकटरावांनी दिले, तिला नव्हे, मला.

"आमचं दार आतनं लावलेलं हुतं. गणपती बुडवून आलो, दमून झोपलो. भिंत पडली ती दारावर. कडी माझ्या हाताला लागत हुती, पर दार हलत नव्हतं. म्या खाटंखाली हुतो, घावलो. दोघं भाऊ बी घावले, पर वेळंवर न्हाय." त्यांनी अंकिताकडे पाहिले. "हिला भ्यायला आमीच शिकवलं, मॅडम. पोरगं वाचावं म्हणून शिकवलं. आता ते काढायचं कसं, ते ठावं न्हाय."

सुमनताई मध्येच म्हणाली, "धा वर्सं झाली, मला पक्क्या घरात झोपायचंय. ह्यांच्यापायी थंडीत कुडकुडत बसते." तिचे ते बोलणे थट्टेचे होते, पण व्यंकटराव हसले नाहीत.

तेर, शुक्रवार

प्रश्न छताचा असेल तर छत बदलून पाहावे, अशा सरळ हिशेबाने मी तेरचा मार्ग सुचवला. तेरला व्यंकटरावांची थोरली बहीण राहते. तिथून धाराशिवला बस मिळते. वसतिगृहाशिवाय रोज जाऊन येता येते. व्यंकटरावांनी मान हलवली, पण ती होकाराची होती की कसली, हे मला कळले नाही. आम्ही तिघे निघालो. सुमनताईने धपाटी बांधून दिली आणि अंकिताच्या पिशवीत पेले आणि एक लहान परात घातली. बसमध्ये प्रत्येक खड्ड्याला ते पेले खणखणत आणि अंकिता पिशवीवर हात ठेवी.

तेर हे तेरणेकाठचे मोठे आणि फार जुने गाव. इथे विटांचे एक प्राचीन देऊळ आहे, आणि जमिनीत नांगर घातला की कुणाच्या तरी काळातले खापर वर येते असे लोक सहज सांगतात. अंकिता त्या देवळासमोर बराच वेळ उभी राहिली. इतक्या काळात हे पडले कसे नाही, हा तिचा प्रश्न होता. मी उत्तर देणार होते, पण तिने ते माझ्याकडून मागितले नव्हते.

आत्याचे घर नीट राखलेले, शेणाने सारवलेले होते. पण ते माळवदाचे होते. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर जाड मातीचा थर दिलेले सपाट छप्पर; उन्हाळ्यात त्याच्यासारखा गारवा नाही. सास्तूरला माणसे दबली ती अशाच माळवदांखाली. हे मला आदल्या दिवशी मातीत आकृती काढताना ठाऊक होते आणि तेर सुचवताना आठवले नव्हते.

व्यंकटराव उंबऱ्याबाहेरच्या ओट्यावर बसले. आत्या चहा घेऊन तिथेच आली. "बघा मॅडम," ती मला म्हणाली, "माझं लगीन होऊन म्या इथं आले म्हणून वाचले. तवापासनं ह्यो माझ्या दारात बसून चहा पिऊन जातो. सख्खा भाऊ, पर आत पाऊल न्हाय. जावा म्हणत्यात, तुझ्या भावाला आमचं घर विटाळतंय काय."

"आक्का, गप की," व्यंकटराव म्हणाले.

अंकिता मात्र आत गेली. मी तिच्या मागोमाग गेले. ती माजघराच्या मधोमध उभी राहिली, तिने वर तुळयांकडे पाहिले, आणि तिच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब उमटलेले मला दिसले. आत गार होते. ती बाहेर आली आणि वडिलांशेजारी ओट्यावर बसली. बापलेक एकाच पद्धतीने बसले होते, पाय अंगणाकडे, उठून धावता येईल असे.

माझा मार्ग तिथे संपला. ती रात्र आम्ही आत्याच्या अंगणात काढली. मला आत खाट दिली होती, पण मीच बाहेर आले. कारण विचारल्यावर मी उकाड्याचे नाव पुढे केले. खरे सांगायचे तर माझे कान जमिनीकडे लागले होते. भीती शिकवावी लागत नाही. दोन दिवस शेजारी राहिले तरी ती येते. आणि उद्या शनिवार होता.

धाराशिव, शनिवार

वसतिगृहाची इमारत रंग दिलेली आणि स्वच्छ होती. रेक्टर पन्नाशीच्या, कडक आवाजाच्या बाई होत्या. मी सर्व परिस्थिती क्रमाने सांगितली आणि तीन विनंत्या केल्या: खोली तळमजल्यावर मिळावी, दाराला आतून कडी लावण्याची सक्ती नसावी, आणि चॅनल गेटची किल्ली मुलींच्या हाताशी असावी.

"तळमजल्यावर मुलींच्या खोल्या नाहीत, मेस आणि ऑफिस आहे," त्या म्हणाल्या. "कडीचं मी खोलीतल्या मुलींशी बोलेन. पण किल्ली नाही. मॅडम, इथं येणारा प्रत्येक बाप मला विचारतो की कुलूप मजबूत आहे ना. किल्ली कुठं असते म्हणून विचारणाऱ्या तुम्हीच पहिल्या."

त्यांचे म्हणणे चूक नव्हते. आमच्या पाटणकडेही मुलीला परगावी ठेवताना मी हाच प्रश्न ऐकला आहे. बाहेरच्याची भीती असलेल्या घरांसाठी ते कुलूप होते. आतल्याची भीती असलेले घर त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आले होते.

व्यंकटराव म्हणाले, "किल्ली तुमच्यापाशीच ऱ्हाऊ द्या, बाई. तुम्ही कुठं झोपता तेवढं सांगा."

रेक्टर बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले. गेटच्या आत, जिन्याला लागून त्यांची स्वतःची खोली होती. किल्ली रात्री त्यांच्या उशाशी असे. थोडा विचार करून त्यांनी पहिल्या मजल्यावरची, जिन्यालगतची एक खाट अंकितासाठी मोकळी करून दिली. "हाक मारलीस तर मला ऐकू येईल," त्या अंकिताला म्हणाल्या. "माझी झोप सावध असते. मुलींना विचार, त्या वैतागलेल्या आहेत त्यावर."

एवढे मिळाले होते. सही करायची होती आणि वर जायचे होते. अंकिता जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी थांबली. तिने कठड्याला हात लावला आणि काढून घेतला. मी तिला काय सांगणार होते? माझी आकृती तिला पाठ होती. ऑफिसातल्या घड्याळाकडे मी पाहत होते आणि मला तो रिकामा बाक दिसत होता.

"अण्णा, घरी जाऊ," ती वडिलांना म्हणाली.

व्यंकटरावांनी टोपी काढली. तळमजल्यावर, ऑफिसच्या बाजूला, पालकांना बसण्याची एक खोली होती. तिच्यात एक लोखंडी खाट होती. त्यांनी रेक्टर बाईंना विचारले की घडीभर इथे आडवे झाले तर चालेल का. बाईंनी मान डोलावली. मग त्यांनी अंकिताच्या पिशवीतून परात आणि पेले काढले आणि फरशीवर उतरंड रचली. सुमनताईसारखी सफाई नव्हती. दोनदा कोसळली, आणि दोन्ही वेळा आम्ही सगळेच दचकलो.

"तू हितं बस," ते मुलीला म्हणाले. "म्या आधी झोपून बघतो."

ते खाटेवर उताणे झाले. त्यांच्यावर दोन मजले होते. दारे उघडी होती आणि बाहेर भर दुपारचे ऊन होते, तरी त्यांनी खाटेच्या पट्ट्या दोन्ही हातांनी धरल्या होत्या. लहानपणी ढिगाऱ्यातून निघालेला माणूस इतक्या वर्षांनी प्रथमच स्लॅबखाली पाठ टेकत होता. त्यांनी डोळे मिटले. पापण्या थरथरत होत्या. थोड्या वेळाने ते घोरू लागले. त्या घोरण्यावर माझा क्षणभरही विश्वास बसला नाही आणि अंकिताचाही नसावा. पण ती जागची हलली नाही. ती वर छताकडे पाहत नव्हती, वडिलांच्या बोटांकडे पाहत होती.

तेवढ्यात पेले वाजले.

प्रथम वरचा पेला थरथरला, मग सगळी उतरंड किणकिणत परातीवर कोसळली. फरशी माझ्या पायांखाली हलत होती. मी दारात पोहोचले होते. कधी उठले ते मला सांगता येणार नाही. अंकिता माझ्या पुढे, व्हरांड्यात होती.

व्यंकटरावांनी डोळे उघडले होते. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. पण ते उठले नाहीत. पडल्या पडल्या त्यांनी मान वळवली, बाहेर पाहिले, आणि म्हणाले, "पाण्याचा टँकर हाय."

खरेच, भरलेला टँकर वसतिगृहाच्या आवारात शिरत होता. त्याचे चाक गटारावरच्या फरशीवरून जाताच जमीन पुन्हा हादरली.

अंकिता व्हरांड्यात उभी राहून वडिलांकडे पाहत होती. ते अजूनही आडवे होते. त्यांनी पुन्हा डोळे मिटून घेतले. या वेळी घोरण्याचे सोंग केले नाही. फक्त खाटेची एक पट्टी सोडली आणि तो मोकळा हात छातीवर ठेवला.

ती परत आत आली. फरशीवर बसली, गडगडलेले पेले एकेक करून गोळा केले, ओढणीच्या टोकाने पुसले आणि पिशवीत भरले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सही कुठं करायची, मॅडम?"

निघताना व्यंकटरावांनी मुलीला एवढेच सांगितले की वरच्या पोरींना उतरंडीचं आधी सांगून ठेव, न्हायतर त्या भ्यायच्या. स्टँडवर आम्ही एका हॉटेलात गुलाबजाम खाल्ले. धाराशिवला आलेल्याने ते खावेत असा रिवाज आहे. व्यंकटरावांच्या हातातला चमचा बशीवर वाजत होता. त्यांनी तो खाली ठेवला आणि हाताने खाल्ले.

पाटण

घरी परत येऊन आता काही आठवडे झाले. रविवारी सकाळी अंकिताचा पहिला निरोप आला होता: "झोप न्हाय. पेले उभे." सोमवारी: "थोडी झोप. पेले उभे." तिच्या खोलीतल्या मुली आधी हसल्या, मग त्यांतली एक उतरंड रचायला मदत करू लागली, असे तिने कळवले. त्यानंतर रोज सकाळी, चहाच्या आधी, दोनच शब्द येत: "पेले उभे."

मी त्या दोन शब्दांवर जगत होते, हे मान्य केले पाहिजे. मध्यंतरी आमच्याकडे कोयनेचा एक लहानसा हादरा बसला. पंखा हलला. शेजारीण म्हणाली, "झाला वाटतं," आणि पाहिले तर मी अंगणात उभी. ती अजून मला त्यावरून चिडवते. आतून कडी लावायची माझी सवयही सुटली आहे. दार नुसते लोटून ठेवते.

काल सकाळी निरोप आला नाही. चहा झाला, आंघोळ झाली, पूजा झाली. मी फोन केला, तिने उचलला नाही. निकालानंतरचे ते मुके दिवस माझ्यासमोर पुन्हा उभे राहिले. ती गेट धरून बसली असेल का, सास्तूरच्या बसमध्ये असेल का, की सोमनाथसारखी कुठल्या तरी हौद्यात अंथरूण घालण्याच्या वाटेवर असेल? रेक्टर बाईंचा क्रमांक काढून मी हातात धरला होता, आणि लावायचे धैर्य होत नव्हते.

दुपारी फोन वाजला. निरोप तिचाच होता, घाईत लिहिलेला.

"मॅडम, आज पेले बघायचे राहिले. जाग उशिरा आली. तासाला पळाले."